प्रिंटर माझा की गोट्याचा?

निशाचरी:
घरात दोन मांजरं आहेत. पिक्सेल चार वर्षांची, शहाणी. ती राउटरवर झोपते, मी शेजारी कोड लिहीत बसते, कुणाची तक्रार नाही. गोट्या मात्र एक वर्षाचा बोका आणि त्याला माझ्या प्रत्येक नादात नाक खुपसायचं असतं. बोर्डगेमच्या सोंगट्या पलंगाखाली, सोल्डरिंगची वायर तोंडात. गेल्या आठवड्यात नऊ तासांचा ड्रॅगन थ्रीडी प्रिंटरवर लावला होता. सातव्या तासाला साहेबांनी हलत्या नोझलवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडावर, पंजा मारला. ड्रॅगनला मानेच्या वर नुसतं गुंतवळ! प्रिंट संपला की प्रिंटरच्या कोमट बेडवर, म्हणजे छपाईच्या पाटीवर, हाच पसरतो. खोलीचं दार लावलं तर बाहेर असा टाहो फोडतो की मीच गुन्हेगार वाटते. दार न लावता काही जमेल का?

जुनाखोका:
तो तुमच्यावर सूड उगवत नाहीये, ऊब शोधतोय. मांजराचं अंगच ३८-३९ अंश असतं, आपल्याला उकडतं तिथे त्यांना बरं वाटतं. प्रिंटरपेक्षा उंच जागी खोका ठेवा, आत तुमचा न धुतलेला स्वेटर. प्रिंटरला पेटी करा, पण पीएलए (थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) वापरत असाल तर हवा खेळती ठेवा. आत फार तापलं की फिलामेंट, म्हणजे त्या प्लास्टिकची तार, नोझलच्या आधीच मऊ होऊन अडकतं. मी हे दोनदा भोगलंय.

तिसरीमांजर:
ड्रॅगनचं जाऊ द्या, वायर तोंडात जाते हे वाचून पोटात गोळा आला. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे दोऱ्यासारखी वस्तू थुंकणं त्यांना अवघड जातं. ती आतड्यात अडकली तर थेट ऑपरेशन. फिलामेंटचे तुकडे, दोरे, बटन सेल सगळं झाकणाच्या डब्यात. सोल्डर शिशाचं असेल तर टेबल पुसल्याशिवाय उठू नका. आणि तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तडक डॉक्टर.

उगाचच:
त्याला सहलेखक करून टाका. हेदरिंग्टन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने शोधनिबंध लिहिला, पण सगळीकडे ‘आम्ही’ असं लिहून बसला, आणि एकट्या लेखकाला ते चालणार नव्हतं. टाइपरायटरचा जमाना, पुन्हा कोण टंकणार? म्हणून आपल्या चेस्टर या बोक्याला एफ. डी. सी. विलर्ड नाव देऊन लेखक केलं. १९७५ साली निबंध छापूनही आला.

निशाचरी:
@तिसरीमांजर, तुमचं वाचून लगेच पलंगाखाली झाडू फिरवला. फिलामेंटचे सतरा तुकडे! आता डबा आहे, झाकणासकट.
@जुनाखोका, खोका कपाटावर ठेवला. पहिल्याच रात्री पिक्सेलने बळकावला. राउटर रिकामा झाला, तिथे गोट्या. प्रिंटरकडे दोन दिवस कुणी फिरकलेलं नाही. आज ड्रॅगन पुन्हा लावलाय, चौथा तास चालू आहे.