लॅटिन फेकणारे वकील आणि मान डोलवणारे आपण

सातबारा: काल इथे वकील 'काळाकोट' यांनी लिहिलं की कोर्टाच्या भाषेतून लॅटिन सूत्रं काढली तर वकिलीचा भाजीबाजार होईल. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून हे लांबण. १९९८ पासून जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे ना? आमच्या जमिनीच्या दाव्यात वकीलसाहेब 'लिस पेंडन्स करू, लिस पेंडन्स करू' म्हणत राहिले. वडिलांना वाटलं, ही कसली तरी फी असावी. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, नाहीतर मधल्या काळात जमीन घेणारा निकालाला बांधील राहत नाही, हे कुणी बोललंच नाही. चुलत्यांनी विहिरीकडचे सतरा गुंठे विकून टाकले.

काळाकोट: वकील आळशी निघाला, त्याचं खापर लॅटिनवर का? लिस पेंडन्स म्हणजे 'दावा प्रलंबित', मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. मूळ कायद्यात ते आपोआप लागू होतं. नोंदणीची अट १९३९ मध्ये मुंबई प्रांताच्या दुरुस्तीने आली, रोमहून नाही! आणि सूत्रं आम्ही डोळे मिटून लावत नाही. 'फाल्सस इन उनो', म्हणजे साक्षीदार एका बाबतीत खोटा तर सगळीकडे खोटा. सर्वोच्च न्यायालयाने निसार अली प्रकरणात १९५७ मध्येच ते आपल्याकडे बंधनकारक मानलं नाही. उलट चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला, तेव्हा 'रेस इप्सा लोक्विटुर' कामाला आलं. घटनाच बोलते. मेलेल्यांच्या घरच्यांना पालिकेचा हलगर्जीपणा वेगळा शाबीत करत बसावं लागलं नाही.

निवृत्त_बेलीफ: मराठी मराठी काय लावलंय? सबब, तहकूब, कैफियत, फिर्याद हे काय ओवीतून आलं? ३१ वर्षं समन्स वाटले. 'बजावणीला आलोय' म्हटलं की बायामाणसं विचारायची, पकडून नेणार का?

म्हापशेकर: तुमचं बरं आहे. आमच्या गोव्यात लॅटिनच्या जोडीला पोर्तुगीज. १८६७ ची नागरी संहिता. आजी गेल्यावर वाटणीचा इन्व्हेंटरी दावा झाला, त्यात तिचा उल्लेख 'दे कुयुस', म्हणजे जिची मिळकत वाटायची ती मयत व्यक्ती. आई विचारते, हा कुयुस कोण आणि आपल्या वाट्यात कसा घुसला? थोरले मामा 'काबेसा द काझाल' झाले, म्हणजे मिळकत सांभाळणारे. त्या दिवसापासून मामांची चालच बदलली.

सातबारा: 😄 पण तिकडे बापाला सगळी मिळकत एकाच्या नावे करता येत नाही म्हणतात, खरं का?

म्हापशेकर: खरं. मुलं असली तर निम्मी त्यांची, कितीही भांडण होवो. आणि बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही.

काळाकोट: धागा लॅटिनचा आहे. गोव्याच्या सहलीला वेगळा काढा.

उंबरठा: थांबा, मला हेच वाचायचंय. माझ्या सासऱ्यांनी राहता फ्लॅट पुतण्याला बक्षीसपत्राने दिला. सासूबाईंना कळलं कधी? विजेच्या बिलावर नाव बदललं तेव्हा. आहे का हो यावर तुमच्याकडे एखादं लॅटिन?

काळाकोट: आहे. 'विजिलांतिबुस नॉन डॉर्मिएन्टिबुस'. कायदा जागत्याला मदत करतो, झोपलेल्याला नाही.

उंबरठा: म्हणजे चूक सासूबाईंची! चाळीस वर्षं पहाटे पाचला उठून डबे करणारी बाई झोपलेली होती. हेच म्हणतोय आम्ही, असलं काही मराठीत तोंडावर बोलायची हिंमत झाली असती का तुमची?

निवृत्त_बेलीफ: वकीलसाहेब, हे मात्र शोभलं नाही.

काळाकोट: शब्द मागे घेतो. चुकीच्या जागी वापरलं. अशिलाला सूत्र ऐकवलं तर त्याच दमात मराठीत अर्थ सांगावा, हेही मान्य. खूश? निकालपत्रातून मात्र काढू देणार नाही.

सातबारा: निकालपत्र ठेवा तुमच्याकडे. आमचे सतरा गुंठे कुठल्या सूत्रात बसतात तेवढं बघा.

म्हापशेकर: आणि मामांनी अजून हिशेब दिलेला नाही.