मदत हवी आहे: वाढघटकाविरुद्धची कर्करोग लस आणि न भरणारी जखम

नमस्कार. आम्ही निपाणीजवळच्या एका गावात राहतो. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, तंबाखूच्या वखारीत तीस वर्षे हिशेब लिहीत होते आणि विडीही तेवढीच वर्षे ओढत होते. त्यांना फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार) झाला असून तो चौथ्या टप्प्यात आहे. केमोथेरपीची पहिली फेरी मिरजेत झाली आहे. त्यांना जुना मधुमेह आहे आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम चार महिने भरलेली नाही. आई रोज संध्याकाळी पट्टी सोडते, जखम सलाईनने धुते आणि फ्रिजमधल्या ट्यूबमधले जेल तीवर पसरते. रुपयाच्या नाण्याएवढ्या त्या जखमेच्या कडेला आता कुठे तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी कातडी दिसू लागली आहे. या ट्यूबवर ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’, म्हणजे ईजीएफ (त्वचेच्या पेशींना वाढायला लावणारा घटक), असे छापलेले आहे.

मध्यंतरी चुलत भावाने क्युबातील सिमाव्हॅक्स या लसीची माहिती पाठवली. ती हवानाच्या आण्विक प्रतिरक्षाशास्त्र केंद्रात तयार झाली आणि अमेरिकेत बफेलो येथील रॉसवेल पार्कमध्येही तिच्या चाचण्या झाल्या. मानवी ईजीएफ एका जिवाणूच्या प्रथिनाला जोडून टोचला, की शरीर स्वतःच्याच ईजीएफविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) बनवते आणि गाठीला वाढीचा इशारा कमी मिळतो, असे मी त्यावरून समजलो. हे वाचताना माझे लक्ष सारखे त्या ट्यूबकडे जात होते. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असे तर होणार नाही ना? लसीत मिसळलेल्या तैलयुक्त द्रव्यामुळे दाह वाढून जखम आणखी चिघळेल का? उलट बाजूने, जेलमधला ईजीएफ गाठीला खतपाणी घालत असेल का? डॉक्टरांना विचारले होते, परंतु बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत माझा प्रश्न पुरा होण्याआधीच पुढचा नंबर पुकारला गेला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी बेळगावात प्रतिरक्षाशास्त्र शिकवते. रुग्ण तपासत नाही, त्यामुळे उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांचाच.

आपली शंका रास्त आहे, पण ईजीएफ पेशीवरच्या ज्या ग्राहीला (वाढीचा इशारा झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो, त्याच ग्राहीला टीजीएफ-अल्फा आणि ॲम्फिरेग्युलिनसारखे इतर घटकही चिकटतात. जखमेतल्या बृहत्भक्षक पेशी (जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज) आणि त्वचेच्या पेशी त्यांतले काही जागेवरच तयार करतात, आणि लसीमुळे बनलेली प्रतिपिंडे मुख्यतः रक्तातला ईजीएफ पकडतात. म्हणून भरून येण्याची वाट पूर्ण बंद होत नाही. तरीही जखमेत रक्तद्रव पाझरतो आणि त्याबरोबर प्रतिपिंडेही येतात. तेव्हा लस आणि जेल एकाच वेळी वापरणे मला तरी तर्कसंगत वाटत नाही.

दाहाचे गणित थोडे निराळे आहे. लसीतल्या माँटनाइड या तैलयुक्त द्रव्यामुळे टोचलेल्या जागी दुखते आणि गाठ येऊ शकते, शिवाय ताप, थंडी व डोकेदुखीही होते. पण तो दाह बहुतांशी त्या जागेपुरता आणि काही दिवसांचा असतो. ग्राहीलाच रोखणाऱ्या एर्लोटिनिबसारख्या गोळ्यांनी मात्र त्वचेच्या पेशी दाहक संदेश सोडू लागतात आणि चेहऱ्यावर व छातीवर मुरुमांसारखे पुरळ उठते. म्हणजे ग्राहीकडून मिळणारा वाढीचा इशारा तोडला की जखम भरणे मंदावतेच, शिवाय दाहही वाढतो.

जेलबाबत सांगायचे, तर पीडीजीएफ या दुसऱ्या वाढघटकाच्या जेलवर अमेरिकेत २००८ मध्ये कर्करोगाने मृत्यू होण्याच्या जोखमीचा ठळक इशारा छापला गेला होता आणि २०१८ मध्ये तो काढून टाकण्यात आला. कर्करोग असलेल्या जागी मात्र ते लावू नये, ही सूचना कायम आहे. आप्पांची गाठ फुफ्फुसात आहे आणि जखम पायावर.

लसीपेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. बेव्हॅसिझुमॅब हे औषध नव्या रक्तवाहिन्या फुटू देणारा व्हीईजीएफ अडवते आणि त्याने जखमा खरोखरच रखडतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किमान २८ दिवस उलटून जखम पुरती भरल्याशिवाय ते देत नाहीत. पुढच्या उपचारांत हे नाव आहे का, ते कृपया पाहावे.

धागाकर्ता

ताई, मनःपूर्वक आभार. आत्ताच फाईल काढून पाहिली. पुढच्या फेरीच्या चिठ्ठीवर कार्बोप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाखाली तेच नाव लिहिलेले आहे, आणि आप्पांच्या पायाचा उल्लेख संपूर्ण फाईलमध्ये कुठेही नाही. गुरुवारी जाताना जखमेचे फोटो तारखांसह आणि ती ट्यूबही बरोबर नेतो.