'डेटा फॉरमॅट'साठी मराठीत कोणता शब्द : प्रारूप, नमुना की मांडणी?

खानापूरहून प्रश्न : वेब डेव्हलपमेंटची मराठी टिपणं तयार करायची आहेत. 'सर्व्हर जेसन फॉरमॅटमध्ये डेटा पाठवतो' या वाक्यातल्या 'फॉरमॅट'ला काय लिहावं? (जेसन म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांना पाठवायचा डेटा मजकुरात लिहायची एक पद्धत.) 'प्रारूप' म्हटलं की प्रारूप मतदार यादी डोळ्यांसमोर येते, म्हणजे कच्चा मसुदा. 'नमुना' हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्येही सरकारी अर्जाला चिकटलेला. 'फॉरमॅट मारणे' म्हणजे तर पेनड्राइव्ह पुसणं. 'मांडणी' चालेल का?

टिळकवाडी, बेळगाव : 'मांडणी' नको. सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) धड्यात पानाच्या लेआउटला तोच शब्द लागतो आणि एकाच टिपणात दोन अर्थ झाले की मुलं गोंधळतात. 'फॉरमॅट' तसाच ठेवा. मात्र या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, त्या वेगळ्या काढाच. लिहिण्याची रीत म्हणजे फॉरमॅट (जेसन, कोनी कंसातल्या खुणांनी डेटा लिहिणारं एक्सएमएल, स्वल्पविरामांनी खाने पाडणारी सीएसव्ही). कुठल्या खान्यात काय आणि कोणत्या प्रकारचं, ती रचना. अक्षरांचे बाइट कसे होतात, ते संकेतन.

पूर्वी ही फोड फारशी नडत नसे. सर्व्हर अख्खं एचटीएमएल पान तयार करून धाडायचा, ब्राउझर ते दाखवायचा. एक्सएमएल 1998 साली प्रमाण झालं आणि 2005 च्या सुमारास अजॅक्सचं (अख्खं पान न बदलता सर्व्हरकडून डेटा मागवण्याच्या तंत्राचं) नाव झालं, तेव्हा पानाचा तुकडा तेवढा मागवायची सवय लागली. मागवणाऱ्या ऑब्जेक्टच्या नावात (एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट) 'एक्सएमएल' राहिलं, आत येऊ लागला जेसन. आज तोच जेसन ब्राउझरही वाचतो, मोबाइल ॲपही आणि दुसऱ्या खात्याचा सर्व्हरही. म्हणजे फॉरमॅट आता दोन बाजूंमधला करार झालाय. करार मोडला तर नेमकं कुठलं कलम मोडलं, हे सांगणारे शब्द हवेत.

निपाणी : सहमत. तिन्ही शब्द चुकांवर तपासून बघा.

बेळगावचा एसटीडी कोड 0831. जेसनमध्ये तो अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर पार्सर (जेसन वाचून उलगडणारा प्रोग्राम) तिथेच अडतो, कारण जेसनमध्ये संख्येच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. इथे फॉरमॅट मोडला. शून्य गाळून 831 पाठवला तर जेसन बिनतक्रार पार्स होतो, पण कोड चुकीचा. इथे रचना चुकली, ते खानं मजकुराचं हवं होतं. सीएसव्हीत हे जास्त छळतं, कारण तिथे खान्याचा प्रकार लिहायची सोयच नाही. फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की 0831 चा 831 होतो आणि सर्व्हे नंबर 12/3 ची 12 मार्च. त्याच फाइलवर सेव्ह दाबलं की मूळ नंबर गेला. फाइल आयात करताना तो रकाना 'टेक्स्ट' निवडणं हा उपाय.

संकेतनाचा घोळ ओळखायला सोपा. मराठीच्या जागी डोक्यावर रेघ असलेलं रोमन 'ए' परत परत दिसलं, तर यूटीएफ-8 (युनिकोडचं नेहमीचं संकेतन) मजकूर दुसऱ्या संकेतनाने वाचला गेलाय. कन्नड मजकुरातही तोच 'ए' दिसतो, कारण दोन्ही लिप्यांच्या अक्षरांचा पहिला बाइट एकच. शिवाय प्रत्येक चिन्हाला 3 बाइट : 'बेळगाव'ची चिन्हं 6, म्हणजे 18 बाइट, कन्नडमध्ये 'बेळगावि'ची 7, म्हणजे 21. बाइट मोजणारा रकाना 20 चा ठेवला तर मराठी नाव बसेल, कन्नड शेवटच्या वेलांटीत तुटेल. आपल्याकडे फॉर्म दोन्ही भाषांत लागतात, तेव्हा हे उदाहरण टिपणात जरूर घ्या.

खानापूर : आणि पीएचपीतून (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतून) 'बेळगाव' पाठवलं की जेसनमध्ये उलटी तिरकी रेघ, यू आणि आकडे दिसतात. ही संकेतनाची चूक म्हणायची का?

निपाणी : नाही. जेसनला ते लिहिणं मान्य आहे, पार्स केल्यावर 'बेळगाव'च मिळतं. फक्त आकार फुगतो, 18 च्या जागी 36 बाइट. पीएचपीत युनिकोड तसंच ठेवायचा पर्याय आहे, तो द्यायचा.

टिळकवाडी, बेळगाव : नवशिक्यांना सर्वांत आधी भेटणारी चूकही घाला : 'अनएक्स्पेक्टेड टोकन' आणि पुढे कोनी कंस. बहुतेक वेळा लॉगिनचं सत्र संपलेलं असतं, सर्व्हरने जेसनऐवजी लॉगिनचं एचटीएमएल पान धाडलेलं असतं आणि स्टेटस मात्र 200, म्हणजे 'सगळं ठीक'. म्हणून पार्स करण्याआधी कंटेंट-टाइप हेडर (आलेला मजकूर कोणत्या प्रकारचा, हे सांगणारी ओळ) बघायचं. इथे वाक्य 'जेसन चुकला' असं नको, 'जेसन आलाच नाही' असं हवं.

'पार्स'ला पृथक्करण वगैरे करू नका. 'पार्स होणे', 'पार्स करणे' ही रूपं मराठी व्याकरणात सरळ चालतात. जेसन पुल्लिंगी, सीएसव्ही स्त्रीलिंगी, कारण मनात 'फाइल' असते. एक्सएमएल नपुंसकलिंगी ऐकू येतं, तसंच लिहा.