मदत हवी आहे: भांडी घासूनही चिकट, पेल्यांना वास, भिंतीला बुरशी (गोव्यातला सत्तरी तालुका, विहिरीचे पाणी)

(प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

सत्तरीचे घर

घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, मंगळुरी कौलांचे, वाळपईच्या आतल्या बाजूला. पाणी विहिरीचे, पंपाने प्लास्टिकच्या टाकीत चढवलेले. पावसाळ्यात पुढील अडचणी येतात:

स्टीलची ताटे घासून वाळली की बोटाला पांढरट भुकटी लागते. काही भांडी मात्र उलट बुळबुळीत राहतात. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर किंवा बांगड्याचे हुमण (आमटी) झाले की दुसऱ्या दिवशीही पाण्याच्या पेल्यांना वास येतो. मिक्सरच्या भांड्याला खोबऱ्याचा खवट वास आहे. न्हाणीतल्या पांढऱ्या टाइल्सवर तांबूस-पिवळे डाग आहेत, त्यांवर ब्लीच ओतले तर ते जास्तच गडद झाले. कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आणि खाली पांढरी पूड. लादी पुसल्यावर पाय चिकटतात.

वापरात असलेले सामान: भांड्यांची वडी, हिरवी घासणी, लादीसाठी बादलीला दोन-तीन झाकणे क्लीनर. ओटा कडाप्प्याचा आहे. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी घर नीट व्हावे अशी इच्छा आहे. नेमके कुठे चुकते आहे?

ओटा आणि मोरी

तुमच्याकडे मळ चार प्रकारचा आहे आणि सगळ्यांवर एकच उपाय चालू आहे. तेलाला साबण आणि कोमट पाणी लागते, लोखंडाच्या डागाला आम्ल लागते, बुरशीला कोरडेपणा लागतो. पांढऱ्या भुकटीचा तर मळाशी संबंधच नसावा. आधी ओळख पटवा, मग घासा.

भुकटीपासून सुरुवात करू. भांड्यांच्या वडीत साबणापेक्षा खनिज भरच जास्त असते, खडूच्या जातीची. वडी पाण्याने भरलेल्या डबीत पडून राहिली की तिचा चिखल होतो, घासणीला चिखलच जास्त लागतो आणि भांडे एकदाच विसळले की ती भर वाळून वर दिसते. खात्री करायची असेल तर एक ताट फक्त भांडी घासायच्या लिक्विडने घासा, दोनदा विसळा, उभे करून वाळवा. भुकटी नसेल तर दोष वडीचा. वडीच वापरायची असेल तर जाळीच्या, खाली निथळणाऱ्या डबीत ठेवा.

लिक्विड घासणीवर थेट ओतू नका. वाटीभर पाण्यात, म्हणजे साधारण 200 ते 250 मिली, एक छोटा चमचा लिक्विड मिसळा आणि त्यात घासणी बुडवा. जांभ्याच्या भागातले विहिरीचे पाणी बहुधा मृदू असते. मृदू पाण्यात फेस लवकर होतो आणि जायला वेळ लागतो, म्हणून साबण जास्त झाला की भांडे बुळबुळीत लागते. अनेकदा तो तेलकटपणा नसून न गेलेला साबण असतो. आणखी साबण लावल्याने तो वाढणारच.

घासण्याचा क्रम: आधी काचेचे आणि पाण्याचे पेले, मग चमचे, मग ताटे-वाट्या, मग तेलकट कढया, सगळ्यात शेवटी मासळीची भांडी. मासळीसाठी वेगळी घासणी ठेवा. पेल्यांना येणारा वास बहुतेक वेळा पेल्यातला नसतोच, घासणीतून आलेला असतो. घासणी नाकाजवळ नेऊन पाहा. रोज रात्री ती पिळून उभी ठेवा, ओट्यावर पसरून नको. आठवड्यातून दोनदा पाच मिनिटे उकळा. कडा सुटायला लागल्या की टाकून द्या.

तांबडी माती

टाइल्सचे डाग लोहाचे आहेत. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात आणि एकूणच जांभ्याच्या जमिनीत विहिरीच्या पाण्यात लोह विरघळलेले असणे नवे नाही. घरच्या घरी तीन तपासण्या करा.

एक: पाणी काढल्याबरोबर पांढऱ्या बादलीत भरून रात्रभर उघडे ठेवा. काढताना नितळ आणि सकाळी तांबूस, तळाला गाळ, म्हणजे विरघळलेले लोह हवेने गंजून खाली बसले.

दोन: त्या पाण्याचा कोरा चहा करा. नेहमीपेक्षा काळपट, शाईसारखा झाला तर लोह आहे. चहातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, ते रंग धरते.

तीन: साठलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो का? दिसला तर काडीने ढोसा. तवंगाचे तुकडे पडून वेगळेच राहिले तर ते लोहजीवाणू. लगेच पुन्हा जुळला तर तेल, मग पंपाचे ग्रीस गळते का ते बघा. लोहजीवाणू टाकीच्या आतल्या भिंतीला नारिंगी बुळबुळीत थर धरतात. तुमच्या काही भांड्यांचा बुळबुळीतपणा तिथूनही येऊ शकतो.

ब्लीचने डाग गडद का झाले, तर ब्लीच लोहाला आणखी गंजवते. न विरघळणारा तांबडा गंज टाइलच्या बारीक भेगांत पक्का बसतो. लोहाच्या डागावर ब्लीच कधीच नको.

टाइल्ससाठी लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड, एक मोठा चमचा एक लिटर गरम पाण्यात. जुने फडके त्यात भिजवून डागावर वीस मिनिटे चिकटवून ठेवा, मग मऊ ब्रशने घासा. हट्टी डागाला ऑक्झॅलिक ॲसिड, अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा, हातमोजे घालून. ते विषारी आहे, त्यामुळे भांड्यांना अजिबात नाही आणि मुलांच्या हाताला लागेल असे ठेवायचे नाही. तांबूस झालेल्या स्टीलच्या भांड्यांना फक्त सायट्रिक, पंधरा मिनिटे, नंतर नीट विसळणे.

आता महत्त्वाचे. त्या टाइल्सवर आधी ब्लीच पडलेले आहे. भरपूर पाण्याने धुऊन एक पूर्ण दिवस जाऊ द्या, मगच आम्ल लावा. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. संडासाच्या ॲसिडवाल्या क्लीनरचे आणि व्हिनेगरचेही तेच. बंद न्हाणीत हा वायू फुप्फुसाला इजा करतो.

सत्तरीचे घर

दोघांचेही आभार. बादलीत सकाळी तांबूस गाळ बसला, चहाही काळा झाला. तवंगाचे तुकडे पडले. लिक्विडने धुतलेल्या ताटावर भुकटी नाही. टाकी आणि विहिरीचे काय करायचे? शेजारून व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून सगळीकडे लावण्याचा सल्ला मिळाला आहे, तो बरोबर आहे का?

ओटा आणि मोरी

सोडा आणि व्हिनेगर एकत्र नको. फेस जोरदार दिसतो, पण दोघे एकमेकांना मारतात आणि हातात जवळजवळ नुसते खारट पाणी उरते. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. जळालेल्या स्टीलच्या टोपात दोन पेले पाणी, एक मोठा चमचा सोडा, दहा मिनिटे उकळी, मग लाकडी उलथन्याने खरवडायचे. ॲल्युमिनियमला सोडा नको, काळे पडते. तिथे चिंचेचे किंवा सोलांचे (कोकमांचे) पाणी उकळा.

मासळीचा वास आम्लाने जातो, कारण तो वास अमाइन जातीच्या पदार्थांचा असतो आणि आम्लाशी जुळला की ते उडत नाहीत, म्हणजे नाकापर्यंत पोचत नाहीत. आधी थंड पाण्याने विसळा. हे फार जण उलटे करतात. मासळी, अंडे, दूध यांच्या भांड्यावर पहिल्यांदाच कढत पाणी ओतले तर प्रथिन शिजून स्टीलला चिकटते आणि त्याचा पातळ थर वास धरून ठेवतो. थंड पाणी, मग कोमट पाणी आणि लिक्विड, मग लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर घालून पाच मिनिटे बुडवणे, शेवटी साधे पाणी. हुमणातून काढलेली सोलां भांड्याला चोळली तरी काम होते. माडाचे व्हिनेगर जेवणासाठी ठेवा, भांड्यांना बाजारातले साधे पांढरे पुरते.

कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे. व्हिनेगर, लिंबू, सोलां काहीही ओट्यावर सांडले तर लगेच पुसा, नाहीतर चकाकी जाऊन पांढुरके चट्टे पडतात आणि ते घासून निघत नाहीत. भांडी व्हिनेगरात बुडवायची ती सिंकमध्ये किंवा प्लास्टिकच्या टबात.

मिक्सरचे भांडे: झाकणाची रबरी रिंग काढा, तिच्या खाचेत वाटणाचा थर असतो. भांडे अर्धे कोमट पाण्याने भरा, लिक्विडचे दोन थेंब, वीस सेकंद फिरवा, ओता, पुन्हा साध्या पाण्याने फिरवा. पात्याच्या खालची बाजू जुन्या टूथब्रशने. खोबरेल साधारण 25 अंशांखाली गोठते, त्यामुळे पावसाळ्यातल्या गार पाण्याने खोबऱ्याचे तेल पात्याखाली घट्ट बसते आणि तिथेच खवट होते. पूर्ण भांडे पाण्यात बुडवून ठेवू नका. खालच्या बुशमध्ये पाणी शिरते, गंजते, आणि मग वाटणात काळे ग्रीस उतरते. तसे काळे दिसले तर घासणे थांबवून बुश बदलून घ्या.

तांबडी माती

टाकी आधी. रिकामी करा, नारिंगी थर ब्रशने खरवडून बाहेर काढा, दोनदा धुवा. आत उतरायचे असेल तर झाकण बराच वेळ उघडे ठेवून आणि बाहेर माणूस उभा करूनच.

विहिरीला ब्लीचिंग पावडर घालतात ती 1000 लिटरला 2.5 ग्रॅम या मापाने. पाणी मोजायचे सूत्र: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 0.785, सगळे मीटरमध्ये, उत्तर घनमीटरमध्ये, एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. व्यास 2 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल तर 9.42 घनमीटर, म्हणजे साधारण 24 ग्रॅम पावडर. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटे निवळू द्या, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, तळाचा चुना टाकून द्या. निवळलेल्या पाण्याची बादली विहिरीत पाण्याखाली सोडून हलवा. किमान एक तास पाणी काढू नका. लोह असलेल्या विहिरीत क्लोरीन आधी लोहावर खर्च होतो, पाणी काही वेळ तांबडे दिसेल. रात्रभर थांबून वरचे निवळलेले पाणी घ्या. पावडर ताजी हवी, उघडी राहिलेली पिशवी निकामी असते.

हे जंतूंसाठी झाले. लोह पुन्हा येतच राहील. पंपाचा पाइप टाकीत पाण्याखाली सोडण्याऐवजी वरून छिद्राच्या झारीतून पाडा. हवा लागून लोह टाकीत बसते. नळाचा फाटा तळापासून वीतभर वर घ्या आणि तळाला गाळ सोडायचा वेगळा कॉक बसवा. पिण्याच्या पाण्याची चाचणी प्रयोगशाळेत करून घ्या, चहाच्या रंगावर ते ठरवू नका.

चुना आणि चिरा

भिंतीकडे कुणी वळले नाही म्हणून लिहितो. काळे ठिपके आणि पांढरी पूड हे दोन वेगळे आजार आहेत. पुडीवर पाण्याचा फवारा मारा: विरघळून दिसेनाशी झाली तर क्षार, तशीच राहिली तर बुरशी. क्षार आला म्हणजे चिऱ्यातून पाणी चढते आहे. तो कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसला तर परत भिंतीत जिरतो.

बुरशी कोरडी झाडू नका, तिचे कण घरभर उडतात. नाकाला मास्क, खिडकी उघडी, साबणाच्या पाण्याने ओली करून ब्रशने काढा, ते पाणी फडक्याने टिपून बाहेर टाका आणि पंखा लावून भिंत वाळवा. टाइल किंवा काचेवर ब्लीच चालते, चार लिटर पाण्याला जास्तीत जास्त एक कप. गिलाव्यावर त्याचा उपयोग कमी. ब्लीच वरचा रंग घालवते, त्यातले पाणी आत मुरते आणि मुळे जिवंत राहतात. कपाट भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढा. मागे हवा खेळली नाही तर काहीही लावा, महिन्यात ठिपके परत येतील. दिवसभर पाऊस असताना खिडक्या सताड उघड्या ठेवून घर वाळत नाही, बाहेरची हवाच ओली असते. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एरवी पंखा.

जांभ्याच्या भिंतीला आतून प्लास्टिक रंग असेल तर ओल मागे कोंडते आणि पोपडे सुटतात. तो रंग खरवडून चुन्याचा हात द्यावा. चुना ओल बाहेर सोडतो आणि अतिशय अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) असल्याने बुरशीला सोसत नाही. पण हे काम पावसाळ्यात नको. दिवाळीनंतर भिंत वाळली की करा, तेव्हाच बाहेरची पन्हळ आणि जोत्यालगतचा उतारही बघा. कौलांवरून पडणाऱ्या पाण्याचे शिंतोडे भिंतीच्या पायथ्याला बसत असतील तर आतला चुना किती टिकणार?

चवथीपुरते इतकेच करा: ठिपके काढा, वाळवा, कपाट पुढे ओढा. माटोळीखालचा (गणपतीवर फळे-पाने टांगतात त्या चौकटीखालचा) कोपरा बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर तो आधी घ्या.

ओटा आणि मोरी

लादी राहिली. पाय चिकटतात ते क्लीनर जास्त झाल्याने. वाळलेला थर हवेतली ओल ओढतो आणि त्यावर धूळ बसते. अर्ध्या बादलीला एक झाकण पुरे. पहिले पुसणे त्याने, दुसरे साध्या पाण्याने, फडके घट्ट पिळून, लगेच पंखा. आधी साठलेला थर काढायला एकदा कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचे लिक्विड. जुन्या नक्षीच्या सिमेंट टाइल्स किंवा तांबड्या कोब्याची जमीन असेल तर आम्ल आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य.

सांडपाणी सेप्टिक टाकीत जात असेल तर ब्लीच आणि फिनेल बादलीने ओतू नका, टाकीतले कुजवणारे जीवाणू मरतात आणि टाकी लवकर भरते.

सत्तरीचे घर

सेप्टिक टाकी आहेच. मासळी कापायच्या लाकडी फळीला ब्लीच लावले तर चालेल का?

ओटा आणि मोरी

चालेल, पण आधी साबणाने घासून. बिनवासाचे घरगुती ब्लीच एक मोठा चमचा चार लिटर पाण्यात, दोन मिनिटे फळी ओली ठेवा, विसळा आणि उभी वाळवा. सोलां किंवा लिंबू चोळायचे असेल तर ते वेगळ्या दिवशी. विळीच्या पात्याला मात्र ब्लीच नको, गंजते. ते धुऊन लगेच कोरडे पुसा आणि खोबरेलाचा बोटभर हात फिरवा.