लिबर्टीचा पुतळा फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरताच का?

हडसनकाठ

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत उन्हाळ्याचा क्रम ठरलेला असतो. आई-बाबा येतात आणि नायगारा, वॉशिंग्टन डीसीच्या जोडीला एक दिवस स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा. आपण तिकिटं काढतो, सिक्युरिटीच्या रांगेत त्यांची पिशवी धरतो, बोटीच्या वरच्या मजल्यावर कठड्याजवळची जागा पकडून देतो, फोटो काढतो. पाहुणे नसतील त्या वर्षी बेटाकडे कुणी फिरकत नाही. इथे निम्मं आयुष्य गेलेल्यांनाही पुतळ्याच्या पायाशी तुटलेली साखळी आहे हे माहीत नसतं. खालून ती दिसत नाही, आणि आपण कुणाला विचारतही नाही.

मला हे खटकतं. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना या देशाचं दार बंद केलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडच्या माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० माणसांपुरतं. आज आपण इतक्या संख्येने इथे आहोत ते १९६५ च्या कायद्यामुळे. त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबरला सही केली ती व्हाइट हाउसमध्ये नव्हे, याच बेटावर, पुतळ्याच्या पायथ्याशी. इथे राहणाऱ्याने एकदा तरी पाहुण्यांशिवाय, मुलांना घेऊन, घाई न करता तिथे जावं असं माझं ठाम मत आहे.

रांगेतला_माणूस

भावना पोचली, पण पटलं नाही. चौथऱ्यात लावलेली एमा लाझरसची कविता दमल्या-भागल्या गोरगरिबांना बोलावते. आपल्याला असं कुणी बोलावलं नाही. आपण डिग्री आणि व्हिसाचा शिक्का दाखवून जेएफकेला उतरलो. आणि दार उघडलं म्हणता, तर आजची स्थितीही सांगा. नोकरीवरच्या ग्रीनकार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, मग तो देश आइसलंड असो की भारत. माझी मुलगी बालवाडीपासून इथल्या शाळेत आहे. ती २१ ची होईपर्यंत माझा नंबर लागला नाही तर माझ्या अर्जातून तिचं नाव गळू शकतं. तिला त्या पुतळ्यासमोर उभं करून 'हे आपलंही आहे' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पश्चिमवारा

जायचंच असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडला जा. १९१० ते १९४० तिथे इमिग्रेशन स्टेशन होतं. मुख्यतः चिनी लोकांना तिथे अडकवून ठेवत, पण आपल्याकडचेही, विशेषतः पंजाबातले, बरेच होते. कोंडलेल्या चिनी माणसांनी लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता अजून वाचता येतात. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस आयलंडच्या इमिग्रेशन स्टेशनवरून १८९२ ते १९५४ मध्ये १ कोटी २० लाखांहून जास्त माणसं आत आली, त्यातली बहुतेक युरोपातली. आपला इतिहास पश्चिमेच्या बेटावर आहे, पूर्वेच्या नाही.

ओसरीवरची

पश्चिमवारा, एंजल आयलंडबद्दल पूर्ण सहमत. पण न्यूयॉर्कच्या बंदराशी आपलं नातं नाही हे मान्य नाही. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये याच बंदरात उतरल्या. तेव्हा पुतळा अजून पॅरिसमध्येच होता. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या, आणि ऑक्टोबरात क्षयाने खंगलेल्या अवस्थेत न्यूयॉर्कहून परत निघाल्या. पुतळ्याचं अनावरण झालं त्याच महिन्याच्या २८ तारखेला. म्हणजे तांब्याचे पत्रे जवळजवळ चढून झालेला पुतळा त्यांच्या बोटीच्या वाटेवर उभा असणार. पंडिता रमाबाई तर अनावरणाच्या वेळी अमेरिकेतच होत्या.

आणि त्या दिवशीची गोष्ट मुलींना आवर्जून सांगावी अशी आहे. स्वातंत्र्याला स्त्रीचं रूप दिलं, पण समारंभासाठी बेटावर दोन-चारच स्त्रियांना प्रवेश होता. मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांनी वेगळी बोट भाड्याने घेतली आणि बेटाभोवती फिरत निषेध केला. रांगेतला_माणूस, तुमच्या मुलीला 'हे आपलं आहे' म्हणू नका हवं तर. त्या बोटीबद्दल सांगा.

दोन_चाकं

सहा तास, दोन रांगा, उन्हात लहान मुलं आणि माणशी तिकीट. स्टेटन आयलंड फेरी फुकट आहे, पुतळा तिथूनही छान दिसतो. कामाच्या आठवड्यातून मिळालेली एक सुट्टी मी तरी यात घालवणार नाही.

रांगेतला_माणूस

ओसरीवरची ताई, बोटीची गोष्ट माहीत नव्हती, चांगली आहे. पण एक सांगतो. मुळात हा पुतळा स्थलांतरितांसाठी नव्हताच. फ्रान्सने तो दिला तो प्रजासत्ताकाच्या आणि गुलामगिरी संपल्याच्या आनंदात. कविता चौथऱ्यात लागली १९०३ मध्ये. मग आपण त्याला आपला का म्हणावं?

हडसनकाठ

कारण तो अर्थ आलेल्या लोकांनीच दिला. फ्रान्सने पुतळा दिला, चौथऱ्याचा खर्च अमेरिकेने करायचा होता आणि पैसे संपले. वृत्तपत्रमालक पुलित्झर स्वतः हंगेरीतून आलेला. १८८५ मध्ये त्याने आपल्या वर्तमानपत्रातून वर्गणी मागितली आणि कितीही छोटी रक्कम असली तरी देणाऱ्याचं नाव छापायचं कबूल केलं. सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी १ लाख डॉलरच्या वर जमवले, बहुतेकांनी डॉलरहून कमी देऊन. शाळकरी मुलांची नावं त्यात आहेत. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या वर्गणीसारखंच हे, पावती फाडली की मंडप आपला.

तुमच्या रांगेबद्दल मी वाद घालणार नाही. ती मर्यादा अन्यायाची आहे आणि ती बदलायला हवी. पण ३ ऑक्टोबरची सही झाली तेव्हा ज्यांना १०० च्या कोट्यात बसवलं होतं त्यांनाही ते दार आपलं वाटत नव्हतं. मागणी करणाऱ्यानेच तिथे जाऊन उभं राहावं, सुखात असलेल्याने कशाला?

दोन_चाकं, फेरीवरून पुतळा दिसतो, पण संग्रहालय दिसत नाही. १९८४ मध्ये उतरवलेली मूळ मशाल आत जमिनीवर ठेवलेली आहे. तांब्याचा पत्रा फक्त २.४ मिलिमीटर जाड आहे, हे त्या मशालीच्या शेजारी उभं राहिल्यावर खरं वाटतं. १९१६ मध्ये जवळच्या ब्लॅक टॉम इथे दारूगोळ्याचा स्फोट झाला, तेव्हापासून मशालीत लोकांना जाऊ देत नाहीत. मुकुटात जायचं असेल तर आधीच तिकीट काढा, चौथऱ्यापासून वर १६२ अरुंद पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही.

ओसरीवरची

जर्सीकरांनी मॅनहॅटनला जायची गरज नाही. लिबर्टी स्टेट पार्कमधून बोट घ्या, ती आधी एलिस आयलंडला थांबते. सकाळची पहिली घेतलीत तर तिथला मोठा हॉल रिकामा मिळतो.

रांगेतला_माणूस

मत बदललं नाही. पण लेकीला हे सगळं वाचायला दिलं, तिला एलिस आयलंड बघायचं आहे. लिबर्टी स्टेट पार्कहून जाऊ. पुढच्या थांब्यावर उतरायचं की बोटीतच बसायचं ते ती ठरवेल.