घर आवरण्याचे वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात मोडते. सल्ला हवा आहे

विजापूररोडची_सून :
नमस्कार. आम्ही सोलापुरात विजापूर रोडला स्वतंत्र बैठ्या घरात राहतो. घरात यजमान, सहावीतला मुलगा, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाई आणि मी असे चौघे आहोत. मी सकाळी साडेनऊ ते सायंकाळी सहापर्यंत नोकरी करते. गेल्या वर्षी साखर पेठेतले जुने घर रिकामे केले, तेव्हा तिथले सगळे सामान इकडे आले आणि तेव्हापासून घराला आलेली अवकळा काही हटत नाही. एकट्या चादरीच २२ आहेत. लग्नाकार्यांत आहेर म्हणून आलेल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या.

दिवाळीनंतर मी एक वेळापत्रक तयार केले. सोमवारी स्वयंपाकघर, मंगळवारी न्हाणीघर, बुधवारी कपाटे, असे करत रविवारी माळा. कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि झालेल्या कामापुढे पेन्सिलीने खूण करत गेले. पहिल्या आठवड्यात ७ खुणा आहेत, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात १. चौथी ओळ कोरी आहे, आणि सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला की आधी तीच दिसते. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तेही कधी पहाटे तर कधी रात्री अकराला. त्या दिवशीचे ठरलेले काम राहते, दुसऱ्या दिवशी दोन कामे साचतात आणि मग एकही होत नाही. बहीण म्हणते की मी आळशी झाले आहे, आणि अलीकडे मलाही ते खरे वाटू लागले आहे. नियम सैल करावेत का, आणि केले तर घराचा उकिरडा होऊ नये म्हणून काय सांभाळावे?

माळवद :
ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. वेळापत्रक तुम्ही वारांवर बेतले आणि घर मात्र पाण्यावर चालते. सात दिवसांचा आठवडा आणि चार-पाच दिवसांची पाण्याची फेरी यांचा मेळ बसणारच नव्हता. तुमच्या जागी कितीही कष्टाळू बाई असती तरी तिसऱ्या आठवड्यात तिचाही कागद कोराच राहिला असता. मी स्वतः ही चूक दोन वर्षे केली आणि दर महिन्याला नवा कागद आणून स्वतःला दूषणे देत बसले.

आता मी वार लिहीतच नाही. पाणी आले की ओली कामे करायची, म्हणजे भरणे, धुणे, फरशी आणि मोरी; त्या दिवशी बाकी कशाचीही अपेक्षा ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यायची, कारण रात्री अकराला नळ आला तर झोपायला दीड वाजतो. उरलेल्या दिवसांत एखादे कोरडे काम करायचे, आणि तेही लहान. ‘कपाट’ असे न लिहिता ‘कपाटाचा खालचा कप्पा’ असे लिहायचे. पाणी एक दिवस उशिरा आले तर सगळी यादी आपोआप एक दिवस पुढे सरकते आणि काहीही ‘राहिले’ असे होत नाही.

दोन बाबतींत मात्र मी सूट घेत नाही. पहिली, साठवणीच्या पाण्याची. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावे लागते. नुसते पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेजवळ पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात. नवे पाणी येण्याच्या बेताला पिंपात तळाशीच पाणी उरलेले असते. तेवढे झाडांना घालून तेव्हाच घासून घेतले की वेगळे श्रम पडत नाहीत. दुसरी बाब वर्षाच्या ज्वारीची. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की त्याला ऊन देणे आणि वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरणे ही कामे पुढे ढकलली, तर पावसाळ्यात सोंडे होतात आणि तेव्हा निवडायला बसावे लागते. बाकी कपाटातली घडी चार महिन्यांनी घातली तरी कोणाचे काही अडत नाही.

होटगीकर :
वरचा सल्ला योग्य आहे, परंतु मला एक वेगळी गोष्ट खटकली. घरात चार माणसे आहेत असे आपण लिहिले आहे आणि वेळापत्रकात मात्र सगळी कामे एकाच माणसाची दिसतात. सहावीतला मुलगा पाइप धरून पिंप भरू शकतो. यजमानांविषयी मी काय लिहावे. मी स्वतः यजमान आहे आणि रात्रीचा नळ गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे.

शेंगाचटणी :
होटगीकरांना अनुमोदन. मला चादरींबद्दल सांगायचे आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिचा आपल्याला अभिमानही आहे, परंतु चौघांच्या घरात २२ चादरी ठेवून तो वाढत नाही. आमच्याकडे अशाच होत्या. एका बैठकीत निकाल लावायचा असे ठरवले की हात चालत नाही, म्हणून मी रोज फक्त एक घडी उघडून पाहत असे. ठेवायची, वापरायची की द्यायची, एवढे एकच ठरवायचे. द्यायच्या चादरी डिसेंबरच्या थंडीत सिव्हिल हॉस्पिटलबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना दिल्या. मात्र सासूबाईंना विचारल्याशिवाय एकही देऊ नका.

आणि रविवारी माळा हे कलम खोडून टाका. माळा वर्षातून एकदा पुरतो, तोही नोव्हेंबर ते जानेवारीत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या पेट्या हलवायला चढणे म्हणजे स्वतःवर सूड उगवणे आहे. शिवाय आता संक्रांत जवळ आली आहे. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा म्हटले की पाहुणे येणार आणि गड्ड्यावरून, म्हणजे यात्रेच्या जत्रेतून, मुले काहीबाही घेऊन येणार. ते दहा दिवस आवराआवरीतून आधीच वगळून ठेवा, म्हणजे नंतर चुकल्यासारखे वाटणार नाही.

विजापूररोडची_सून :
सर्वांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहीत आहे. पाण्याच्या फेरीनुसार कामे केली. तीन फेऱ्या झाल्या, त्यांपैकी एका फेरीत कोरडे काम एकही झाले नाही आणि तरीही काही साचले नाही. होटगीकर, आपले उत्तर मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण परवा रात्री साडेअकराला तेच उठले.

चादरींचे काम रेंगाळले आहे. सासूबाईंपुढे रोज एक घडी उघडते. चौथ्या दिवशी एक मयूरपंखी चादर निघाली, तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन किनार उलटी करून पाहिली आणि ही मामंजींच्या हातमागावरची आहे असे सांगितले. अशा आणखी दोन निघाल्या. तिन्ही दिवाणात ठेवल्या आहेत. बाकीच्यांपैकी अकरा द्यायचे त्यांनीच ठरवले.

फ्रिजवरचा कागद काढला. त्याच्या कोऱ्या बाजूवर आता मुलगा नळ किती वाजता आला ते लिहून ठेवतो.