फायटिंग हारादाचे दोन पट्टे भारी की इनोउएचे चार?

रिंगणाबाहेरचा (धागाकर्ता)

मे 2024 मध्ये नाओया इनोउएनं टोकियो डोममध्ये लुईस नेरीला झोपवलं, तेव्हापासून जिथं तिथं एकच वाक्य वाचतोय: जपानचा आजवरचा सर्वश्रेष्ठ बॉक्सर. चार वजनगटांत जगज्जेता, त्यातल्या दोन गटांत तर चारही संघटनांचे (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी वगैरे) पट्टे एकट्याकडं. पोरगा अफाट आहे, त्याबद्दल वादच नाही. पण हे वाक्य लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी फायटिंग हारादाच्या जुन्या चित्रफिती पाहिल्यात?

थोडक्यात सांगतो. मासाहिको हारादा, जन्म 1943, टोकियोच्या सेतागायातला. घरची परिस्थिती बेताची, तांदळाच्या दुकानात काम करून सासाझाकीच्या जिममध्ये जायचा. 1962 मध्ये फ्लायवेटचा (112 पौंडांपर्यंतचा गट) जगज्जेता होता थायलंडचा पोन किंगपेच. त्याला आव्हान द्यायची संधी खरं तर सादाओ याओइताची होती. तो अचानक निवृत्त झाला आणि एकोणीस वर्षांच्या हारादाला उभं केलं. 10 ऑक्टोबर 1962, टोकियोचं कुरामाए कोकुगिकान सभागृह. अकराव्या फेरीत त्यानं पोनला कोपऱ्यात गाठला आणि जे ठोसे सुरू केले ते पोन खाली बसेपर्यंत थांबलेच नाहीत. ऐंशीच्या आसपास होते म्हणतात. मी मोजले नाहीत, पण बघताना आकडा खोटा वाटत नाही.

योशिओ शिराईनं 1954 मध्ये पास्कुआल पेरेझकडं गमावलेला हा पट्टा. पेरेझकडून तो पोनकडं गेला होता. आठ वर्षांनी हारादानं तो जपानात परत आणला.

पुढं बँटमवेट (118 पौंड). 18 मे 1965, नागोया, समोर ब्राझीलचा एदेर जोफ्रे. तोवर एकदाही न हरलेला. हारादा जिंकला. वर्षभरानं पुन्हा भिडले, पुन्हा हारादाच. जोफ्रेच्या सगळ्या कारकिर्दीत पराभव दोनच, आणि दोन्ही एकाच माणसाकडून!

माझं म्हणणं असं: त्या काळी एका गटात एकच जगज्जेता असायचा. आणि लाइट फ्लाय, सुपर फ्लाय, सुपर बँटम हे गट तेव्हा नव्हतेच, ते 1975 पासून पुढं आले. इनोउएच्या चार गटांपैकी तीन गट हारादाच्या काळात अस्तित्वातच नव्हते. मग दोन पट्टे मोठे की चार? माझं मत हारादाला.

---

पुणेरी टोला

इतिहास झकास, निष्कर्ष गंडलेला.

पहिली गोष्ट, फ्लायवेटचा पट्टा त्यानं किती टिकवला? जानेवारी 1963 मध्ये बँकॉकला जाऊन पोनला परत देऊन आला. तीन महिने! एकदाही राखला नाही. त्याला फ्लायवेटचा थोर जगज्जेता म्हणायचं असेल तर थोर या शब्दाची किंमत तुम्हीच ठरवा.

दुसरी, बँटमचा पट्टा चार वेळा राखला: रडकिन, जोफ्रे, मेडेल, काराबायो. चारही वेळा जपानात. जपानबाहेर जागतिक पट्ट्यासाठी दोनदा लढला, बँकॉक आणि सिडनी. दोन्ही हरला. इनोउएनं ग्लासगोत जाऊन इमॅन्युएल रॉड्रिगेझला दुसऱ्या फेरीत आडवा केला, लास वेगासमध्ये वारंवार जिंकला. घरच्या अंगणात सगळेच वाघ असतात.

आणि नागोयाचा तो निकालही तीन जणांपैकी दोघांच्या गुणांवर लागला होता. हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

---

रिंगणाबाहेरचा

गाळलं नाही, लांबण नको म्हणून लिहिलं नाही. तसं तर बँकॉकचा निकालही एकमतानं नव्हता, तेही लिहिलं नाही.

आणि नागोयात शंका असेल तर 31 मे 1966 ची टोकियोच्या बुडोकान सभागृहातली लढत बघा. तिथं तिन्ही गुणपत्रिका हारादाच्या बाजूनं. तो सामना फुजी टीव्हीवर लागला होता आणि प्रेक्षकसंख्या 63.7 टक्के नोंदली गेली. जपानी टीव्हीच्या इतिहासातल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत तो आजही मोजला जातो.

---

वजनकाटा

टोलासाहेब, तीन महिन्यांचा हिशेब मांडताना काट्याकडं बघायचं राहिलं.

फ्लायवेटची मर्यादा 112 पौंड, म्हणजे 50.8 किलो. हारादाचं शरीर त्या गटाचं नव्हतंच. लढती नसताना तो भराभर फुगायचा आणि लढतीआधी उपाशी राहून, पाणी तोडून ते सगळं उतरवायचा. जिममधले नळ तारेनं बांधून ठेवले होते म्हणून संडासातलं पाणी प्यावंसं वाटलं, ही त्याची गोष्ट जपानी बॉक्सिंगमध्ये सगळ्यांना पाठ आहे. शिवाय तेव्हा वजन लढतीच्या दिवशी सकाळी व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं. रात्रभर खाऊनपिऊन पोरं कितीतरी किलो भरून काढतात आणि मग रिंगणात उतरतात. त्यात हारादा पंधरा फेऱ्या लढायचा. बाराची मर्यादा 1982 मध्ये लढतीतल्या मारानं झालेल्या बॉक्सर दुक कू किमच्या मृत्यूनंतर आली.

आजच्या नियमांत तो 115 पौंडांच्या सुपर फ्लायला वर्षानुवर्षं बसला असता. त्या काळी 112 नंतर थेट 118. मधे पायरीच नाही. तीन महिन्यांत पट्टा का गेला याचं अर्धं उत्तर इथं आहे.

---

पुणेरी टोला

उरलेलं अर्धं पोन किंगपेच आहे, त्यालाही थोडं श्रेय द्या की! पेरेझला दोनदा हरवलेला माणूस तो, थायलंडचा पहिला जगज्जेता. एकोणीस वर्षांच्या पोराकडून एकदा मार खाल्ला आणि पुढच्या वेळी शहाणा होऊन आला. हारादा उपाशी होता म्हणून हरला असं म्हटलं की पोन आपोआप पुसला जातो.

उपाशी तर जोफ्रेही होता. त्यालाही 118 पौंडांत बसताना जीव नकोसा व्हायचा. म्हणजे वजन उतरवण्याचं दुःख हारादाचं असलं की सबब, आणि जोफ्रेचं असलं की हारादाचा पराक्रम?

---

सांगलीची साळुंकी

जोफ्रेचा मुद्दा चांगला आहे, पण त्याचा शेवट वेगळा निघतो. हारादाकडून दुसऱ्यांदा हरल्यावर तो काही वर्षं खेळापासून लांब गेला, नंतर फेदरवेटमध्ये परतला आणि 1973 मध्ये होझे लेग्राला हरवून पुन्हा जगज्जेता झाला. वय सदतीस! म्हणजे 1965 मध्ये हारादासमोर कुणी थकलेला म्हातारा उभा नव्हता. ज्याच्यात अजून एक जगज्जेतेपद शिल्लक होतं असा माणूस होता. इनोउएच्या यादीत त्या तोडीचं एक नाव दाखवा. नोनितो डोनेअर म्हणाल, तर 2019 मध्ये त्याचे चांगले दिवस केव्हाच सरले होते.

पण मला या धाग्यात वेगळंच खटकतंय. फ्लायवेट म्हटलं की मासाओ ओबाचं नाव कुणीच घेत नाही? 1970 मध्ये डब्ल्यूबीएचा पट्टा घेतला, पाच वेळा राखला. त्यात बेतुलिओ गोन्सालेससारखा पुढं जगज्जेता झालेला माणूसही होता. शेवटची लढत 2 जानेवारी 1973, समोर चार्टचाई चिओनोई. पहिल्याच फेरीत ओबा खाली पडला, पडताना घोटा मुरगळला. तसाच लंगडत लढला आणि बाराव्या फेरीत जिंकला. पंचवीस जानेवारीला टोकियोच्या एक्स्प्रेसवेवर त्याची कॉर्व्हेट ट्रकवर आदळली. तेवीस वर्षांचा होता, पट्टा तेव्हाही त्याच्याकडंच होता.

फ्लायवेटपुरतं बोलायचं तर ओबा हारादाच्या वर. इनोउए तर फ्लायवेटमध्ये लढलाच नाही, लाइट फ्लायवरून उडी मारून थेट सुपर फ्लायला गेला.

---

रिंगणाबाहेरचा

ताई, ओबाबद्दल आदर आहेच. पण लवकर गेलेल्या माणसाचा उतार आपण बघत नाही, मनातल्या मनात त्याला जिंकवतच राहतो. हारादाचा उतार सगळ्यांनी पाहिला. लायनेल रोझकडून बँटमचा पट्टा हरलेला, पुढं फेदरवेटमध्ये जॉनी फेमेचॉनकडून पडलेला हारादा चित्रफितीत आहे. ओबाचा तसा एकही फोटो नाही. तुलना करताना हे धरायला नको?

---

सांगलीची साळुंकी

धरा ना. पण मग पाच बचावही धरा. ते मनातल्या मनात झालेले नाहीत.

---

निप्पॉनवासी

योकोहामात राहतो, म्हणून इथलं थोडं. माझ्या कंपनीतले साठी ओलांडलेले लोक इनोउएचं कौतुक करतात, पण हारादाचा विषय निघाला की आवाज बदलतो. घरात टीव्ही नवा होता, शेजारीपाजारी जमायचे, अशा आठवणी. पण हा पुरावा नव्हे, ही माया आहे. 63.7 टक्क्यांचंही तेच. त्या काळी मोजकीच चॅनेलं होती. लोकप्रियता आणि दर्जा यांची गल्लत नको.

मला सिडनीबद्दल बोलायचंय, कारण हारादाभक्तांचं खरं हत्यार ते आहे आणि अजून कुणी काढलेलं नाही. 28 जुलै 1969, फेदरवेट, समोर जॉनी फेमेचॉन. हारादानं त्याला तीनदा खाली पाडलं. गुण देणारा एकच माणूस, रेफ्री विली पेप. लढत संपल्यावर पेपनं बरोबरी जाहीर केली. मग गुणपत्रिका पुन्हा तपासली आणि निघालं की फेमेचॉन एका गुणानं पुढं! तो निकाल उलटा लागला असता तर फ्लाय, बँटम, फेदर असे तीन जुने गट हारादाच्या नावावर असते. तीन गटांत जगज्जेता झालेल्या हेन्री आर्मस्ट्राँगच्या पंगतीत बसला असता.

---

वजनकाटा

अगदी! तीन वेळा पाडून हरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. 112 पासून 126 पौंडांपर्यंत चढून, आजच्या मधल्या पायऱ्यांशिवाय. हा तिसरा पट्टा त्याचाच.

---

पुणेरी टोला

इथंच तुमचा धागा फाटतो, आणि फाडलाय तुमच्याच पहिल्या मुद्द्यानं.

"त्या काळी एका गटात एकच जगज्जेता" हा तुमचा पाया ना? मग सिडनीत पणाला लागलेला पट्टा फक्त डब्ल्यूबीसीचा होता. त्याच दिवशी फेदरवेटचा डब्ल्यूबीए जगज्जेता कोण होता माहितीय? शोझो साइजो. जपानीच! 1968 मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन राउल रोहासकडून पट्टा घेऊन आलेला. म्हणजे हारादा जिंकला असता तरी एकाच गटात दोन जपानी जगज्जेते झाले असते. इनोउएचे पट्टे विखुरलेल्या काळातले म्हणून हलके, आणि हारादाचा न मिळालेला अर्धा पट्टा मात्र पूर्ण मोजायचा, हे कसं? शिवाय इनोउएनं ते विखुरलेले चारही पट्टे एकेक करून गोळा केले, बँटमला 2022 मध्ये आणि सुपर बँटमला 2023 मध्ये. तुमच्या काळची एक जगज्जेता ही स्थिती त्यानं स्वतःच्या मुठीनं परत आणली.

आणि सिडनीचा अन्याय म्हणाल, तर सहा जानेवारी 1970 ला टोकियोत, स्वतःच्या लोकांसमोर, तोच फेमेचॉन पुन्हा मिळाला होता. चौदाव्या फेरीत हारादा गारद. त्यानंतर हातमोजे काढले ते काढलेच.

---

रिंगणाबाहेरचा

साइजोचा मुद्दा चोख आहे, म्हणून सिडनीचा पट्टा मी माझ्या हिशेबात कधीच धरला नव्हता. वर वाचा, मी दोनच लिहिलेत. 1962 चा आणि 1965 चा, दोन्ही निर्विवाद, दोन्ही वेळा जगात दुसरा दावेदार नव्हता. तिसरा वजनकाटांनी आणला, त्यांनीच निस्तरावा.

इनोउएनं चार पट्टे गोळा केले याचं मोल आहेच. पण बँटमचा शेवटचा पट्टा त्यानं पॉल बटलरकडून घेतला. हारादानं बँटमचं जगज्जेतेपद एदेर जोफ्रेकडून घेतलं. ही दोन नावं शेजारी लिहून बघा आणि मग सांगा.

---

पुणेरी टोला

बटलर शेवटचा होता, एकटा नव्हता. रॉड्रिगेझ एकदा आणि डोनेअर दोनदा, ही नावंही त्याच ओळीत लिहा, मग शेजारी जोफ्रे लिहू. आणि हारादा सव्विसाव्या वर्षी संपला. इनोउए त्या वयात ग्लासगोला निघाला होता.

---

वजनकाटा

इनोउए लढतीच्याच दिवशी सकाळी वजन करून पंधरा फेऱ्या लढला असता तर कुठं निघाला असता ते बघितलं असतं.